डाव्या पायाचा तोडा

छावणी, औरंगाबाद
कार्तिक शुद्ध अष्टमी, शके १८५९

प्रिय पद्मजा,

तू अजिंठ्याच्या स्थळाला हो म्हणालीस, हे तुझ्या मैत्रिणीनं, सगीरानं, मला काल सांगितलं. सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, सायकलच्या दुकानात टांगलेल्या टायरांकडं बघत होती. माझ्या हातातला पाना मी असा आपटला की तो दुकानमालक निजामुद्दीनचाचांच्या पायावर पडता पडता राहिला. अजिंठ्याच्या त्या गृहस्थाबद्दल मी एक अक्षर वाईट लिहिणार नाही. बिजवर असला तरी माणूस चांगलाही असेल. तू हो म्हण, नाही म्हण, तो तुझा अधिकार. पण तू हो का म्हणालीस तेही सगीरानं सांगितलं, आणि तिथं माझं डोकं फिरलं. "माझ्या पायात खोट आहे, मला दुसरं कोण पदरात घेणार?" असं म्हणालीस म्हणे. पद्मजा, तुझ्या पायात खोट नाही. हे वाक्य मी सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण रागात मला सरळ लिहिता येत नाही, मध्येच भलतीकडं जाईन. पुढचं काही वाचलं नाहीस तरी चालेल, एवढं वाच. तुझ्या पायात खोट नाही.

आता तू म्हणशील, पाय माझा, दुखतो मला, आणि खोट आहे की नाही हे सांगणारा हा कोण? सांगतो. करमाडच्या स्थळाशी साखरपुडा होता त्या दिवशी तू पाटावर मान खाली घालून बसली होतीस. तुला बायकांच्या पदरांच्या कडा तेवढ्या दिसल्या असतील. सगीरा तुमच्या मागच्या दाराशी उभी राहून सगळं बघत होती, आणि सांडू सोनाराच्या दुकानात मी स्वतः जाऊन त्याच्याशी भांडून आलोय. म्हणून तुझ्याच साखरपुड्यात काय झालं ते तुला माझ्याकडून ऐकावं लागतंय.

करमाडच्या नानासाहेबांच्या घरची रीत आख्ख्या जालना रस्त्याला ठाऊक आहे. होणाऱ्या सुनेच्या पायात सासूनं चांदीचे तोडे घालायचे, त्यांचे खिळे बसवायचे, मग बोलणं पक्कं. तोडेही असे तसे नाहीत, पायाला घट्ट बसणारे. सैल तोडा वाजतो आणि वाजणारी सून त्या घरात चालत नाही. ठीक आहे, त्यांचं घर, त्यांची चांदी. पण माप घ्यायला सांडू सोनार तुमच्याकडं आला तेव्हा तुझी होणारी सासू, द्वारकाबाई, सोबत आल्या होत्या, आठवतं? सांडूनं दोरा काढला आणि तो तुझ्या डाव्या पायाला लावणार, तेवढ्यात त्या माउली कडाडल्या की शुभाच्या कामाला उजवाच पाय. मग सांडूनं उजव्याचं माप घेतलं आणि दोन्ही तोडे त्याच मापाचे घडवले. मी त्याला विचारलं, "अहो, माणसाचे दोन पाय सारखे असतात असं तुम्हाला कुणी सांगितलं?" तर तो फुंकणी खाली ठेवून शांतपणे म्हणतो, "बाप्पा, मला सांगितलं तेवढं मी केलं. करमाडच्या चार सुनांचे तोडे केले, असेच उजव्यावरून. एकीनं तक्रार केली नाय." मी म्हणालो, कशी करील? ज्यांचा उजवा पाय जोरकस, त्यांचा डावा तोडा जरा सैल बसत असेल, वाजण्याइतकाही नाही, तो काय बोंब मारणार? अडकणार ती जिचा डावा जोरकस. म्हणजे तू. सांडू फुंकणी पुन्हा उचलत म्हणाला, "व्हय, असं असंल बी." असंल बी! एका पोरीच्या आयुष्याचं वाटोळं झालं आणि हा म्हणतो असंल बी! मी त्याच्या दुकानातनं तसाच उठून आलो, नाहीतर सराफ्यात त्या दिवशी तमाशा झाला असता.

तर उजवा तोडा बसला, खिळा सरकन आत गेला. डाव्याला तांदळाएवढी फट राहिली. तांदळाएवढी, पद्मजा! सगीरा बोटाच्या पेरावर दाखवत होती. तिथं कुणी शहाणं माणूस असतं तर म्हणालं असतं, सोनाराकडं परत द्या, जरा ताणून देईल. पण द्वारकाबाईंनी पाय मांडीवर ओढून घेतला आणि दाबला. मग त्यांच्या जावेनं दाबला. मग कुणीतरी तेल आणलं, कुणी साबण. जात्याच्या खुंट्यासारखा तुझा पाय पिळला त्या बायांनी. चामडी सोलून पाय लाल झाला, आणि पिळून पिळून सुजला. सुजल्यावर त्याच बाया एकमेकींकडं बघून म्हणाल्या, "अगं बाई, पाय सुजलेला आहे की पोरीचा!" तुम्ही सुजवला म्हणून सुजला! पण हे म्हणायला तिथं एक तोंड नव्हतं. जावेनं हत्तीपायाचं नाव काढलं आणि द्वारकाबाईंनी उजवा तोडासुद्धा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी वैद्य आला, त्यानं तो लाल पाय बघितला, मान हलवली आणि "सुरुवात दिसते" म्हणाला. सोनाराची चूक नाही, सासूची नाही, वैद्याची नाही. सगळ्या सभेत चूक कुणाची, तर तुझ्या पायाची.

मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. करमाडचं मोडलं हे कळलं तेव्हा माझ्या दोस्तानं, मुख्तारनं, मला गुळाचा खडा दिला, "ले यारा, मूँ मीठा कर." मी तो खडा रस्त्यावर भिरकावला. मोडायचं होतं तर माझ्यासाठी मोडायचं होतं, तुझ्या नकारानं मोडायचं होतं. हे असं, तुझ्या पायाला रोग चिकटवून नव्हे.

तुला लंगडी आठवते? तुमच्या घरामागं औरंगपुऱ्यात मोकळी जागा होती तेव्हाची. मी, मुख्तार, सगीरा, तुमच्या शेजारची उमा आणि तू. बाकी आम्ही सगळे उजव्या पायावर लंगडी घालायचो, तू एकटी डाव्यावर. उमा ओरडायची, "ही पाय बदलते, ही खोटं खेळते." आणि तू दोन्ही हात कमरेवर ठेवून, एकाच पायावर उभी राहून, तिला म्हणायचीस, "बदलत नाही. माझा पायच हा आहे." पळण्यात मला कुणी हात लावू शकत नसे. पण एकदा तू मला कोपऱ्यापर्यंत रेटत नेलंस, त्या डाव्या पायावर, दुसरा एकदाही टेकवला नाहीस, आणि पाठीत अशी थाप मारलीस की मी बाभळीच्या फांदीवर जाऊन आदळलो. त्या दिवशी मी बाद झालो तो अजून बादच आहे. आता कळलं तुला. नाहीतरी सगीराला कधीच कळलंय आणि ती मला त्यावरून फार छळते.

तोच पाय ना हा? तोच. तू दळायला बसतेस तेव्हा डावा पाय लांब करून त्याचा नेट जात्याला देतेस. पाणी भरलेली घागर घेऊन पायरी चढताना आधी डावा टाकतेस, भार त्याच्यावर घेतेस. इतकी वर्षं सगळं ओझं ज्यानं उचललं तो उजव्यापेक्षा थोडा भरणारच. घरात दोन भाऊ असले आणि एकच राबत असला तर राबणाऱ्याचे दंड मोठे होतात, त्याला कुणी रोगी म्हणतं का? पण नाही. आपल्याकडं जेवायचं उजव्यानं, द्यायचं उजव्यानं, सुनेनं धान्याचं माप लवंडायचं तेही उजव्या पायानं. डाव्यानं काय घोडं मारलंय यांचं? इथं छावणीत रोज सकाळी पलटण कवायतीला निघते, एवढे बूट, एवढ्या बंदुका, सगळ्यांचं पहिलं पाऊल डावं पडतं. एकदा द्वारकाबाईंना आणून उभं केलं पाहिजे त्या मैदानावर. सांगा म्हणावं यांना, अपशकुन आहे, उजव्यानं निघा.

माझ्या रागावर कुणी विश्वास ठेवत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मी दोरा घेतला. आमच्या फुटबॉलच्या टीमला गेल्या रविवारी मैदानावर ओळीनं बसवलं आणि एकेकाच्या पोटऱ्या मापायला लागलो, आधी डावी मग उजवी. किती हसले ते! निजामुद्दीनचाचा सायकलवरून जात होते, ते पाय टेकवून उभेच राहिले. "क्या रे केशव, कालेज छोडको दर्जी बन गया क्या?" मी म्हणालो, चाचा, उतरा, तुमचेही पाय द्या. तेही बसले. पद्मजा, एकाचेही दोन पाय सारखे निघाले नाहीत. एकाचेही! माझा उजवा जाड, मी उजव्यानं मारतो. मुख्तारही उजव्यानंच मारतो, पण त्याचा डावा जाड निघाला. मला कळेना, मग तोच म्हणाला, "अबे, मारता सीधे से, लेकिन खडा तो बाएँ पे रहता ना!" खरंच की, उजवा चेंडू उडवतो तेव्हा सगळं अंग डाव्यानं तोललेलं असतं. एकाचं काम दिसतं, दुसऱ्याचं दिसत नाही, एवढंच. गोलकीपर गयासचे दोन्ही जवळजवळ सारखे होते. त्यावर मुख्तार म्हणाला, हा जागचा हलतच नाही, म्हणून आपण हरतो. मग गयास त्याच्या मागं धावला आणि माझा दोरा तुटला.

आणि नुसत्या पोटऱ्या नव्हेत. घोटे, पावलं, सगळं. नवा जोडा चावतो तो बहुतेक एकाच पायाला चावतो, हे कुणाला ठाऊक नाही? त्या चावलेल्या पायाला कुणी वैद्य आणतं का? जोड्याला शिव्या देतात आणि तेल लावतात. तुझ्या वेळीच जोडा खरा आणि पाय खोटा कसा झाला?

हा दोरा घेऊन मी तुझ्या वडिलांकडं आलो होतो. तू आत होतीस, माझा आवाज ऐकला असशील. ओरडायचं नाही असं ठरवून आलो होतो, पण व्यंकटरावांनी मला ओट्यावर बसूसुद्धा दिलं नाही. मी म्हणालो, काका, तुमचे दोन्ही पाय पुढं करा, मी आत्ता दाखवतो. चूक झाली, मान्य. ज्यांच्यापुढं वाकून नमस्कार करायचा त्या माणसाला पाय पुढं करा म्हणणं बरं दिसत नाही. ते म्हणाले, "तू आधी स्वतःच्या पायावर उभा राहा. कॉलेज अर्धं टाकून पंक्चरं काढणाऱ्यानं मला शिकवू नये." आणि माझी जीभ घसरली, "कुठल्या पायावर राहू, डाव्या की उजव्या?" त्यांनी दार लावलं. ते योग्यच केलं म्हणा. पण आतून तुझ्या बांगड्यांचा आवाज आला होता. तू हसली असशील तर मला ते दार लावून घेतल्याचं काही वाटत नाही.

कॉलेजचं निघालंच आहे तर तेही सांगतो. तू मला विचारून विचारून थकलीस आणि शेवटी बोलणं टाकलंस. मन लागत नव्हतं, असं मी तुला सांगितलं ते खोटं होतं. आमच्या वर्गात एक होता, नाव लिहून कागद बाटवत नाही. तू देवळातून सगीराबरोबर परत येताना त्यानं तुला पाहिलं होतं. डावं पाऊल तू जरा ठासून टाकतेस ना, त्याची त्यानं वर्गात, मास्तर यायच्या आधी, दोन बाकांच्या मधून चालून नक्कल केली. पोरं हसली. मी त्याला मारलं. त्याचा दात पडला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. प्रिन्सिपॉल साहेबांनी विचारलं, कशावरून भांडण? आता त्या एवढ्या पोरांसमोर मी तुझं नाव घेऊ? गप्प राहिलो. ते म्हणाले, उद्या सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर येऊ नकोस. मी गेलो नाही. तू चिडलीस, तुझे वडील चिडले, माझे तर अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, पण पद्मजा, त्याची माफी मला मागता येत नव्हती. आता वाटतं, तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. तुझ्या चालण्यात काही वेगळं आहे हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलं असतं, आणि ते मला किती आवडतं हेही सोबतच कळलं असतं.

सगीरा म्हणते, तू वैद्याचा लेप लावून पाय फडक्यानं आवळून बांधतेस. दिवसभर लुगड्याखाली लपवून बसतेस, गच्चीवर येत नाहीस, पायरीही उजव्यानं चढायला लागलीस आणि परवा त्यात पडता पडता राहिलीस. हे ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. तुझ्या धडधाकट पायाला तू बांधून ठेवलंयस, आणि कशासाठी, तर करमाडच्या एका बाईनं सोनाराचा हात अडवला म्हणून!

माझं नको ऐकूस. मी रागीट आहे, मी कॉलेज सोडलेला आहे, आणि माझा यात स्वार्थ आहे हे आंधळ्यालाही दिसेल. पण एक गोष्ट मी गेल्या आठवड्यात पाहिली ती फक्त तुला सांगतोय, मुख्तारलाही सांगितलेली नाही. कचेरीतला शिपाई तुझ्या वडिलांची सायकल दुरुस्तीला घेऊन आला होता. डावं पायडल झिजून गुळगुळीत, रबर निघालेलं. उजवं नवं कोरं. चढताना सगळेच डाव्यावर पाय देतात, त्यामुळं डावं थोडं जास्त झिजतंच, पण इतकं झिजलेलं मी या दुकानात दुसरं पाहिलं नाही. मग मुद्दाम सायकल पोचवायच्या निमित्तानं मी कचेरीत गेलो. व्यंकटराव मिसलींच्या कागदांच्या ढिगामागं उर्दूत काहीतरी लिहीत होते. टेबलाखाली त्यांचा उजवा जोडा पायात होता आणि डावा काढून बाजूला ठेवलेला होता. त्या डाव्या जोड्याची टाच दुमडून दुमडून चपटी झाली होती. मला बघितल्याबरोबर त्यांनी तो ओढून पायात घातला आणि घालताना तोंड वाकडं केलं. बाकी कुणी ओळखणार नाही. मी हल्ली रोज लोकांचे पायच बघतो म्हणून मला कळलं. तुझा पाय तुला तुझ्या वडिलांनी दिलाय. त्यांच्या नोकरीत कुणी त्यांना तोडे घातले नाहीत, एवढाच फरक.

तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी ते शब्द द्यायला अजिंठ्याला निघणार, म्हणून हे पत्र आजच सगीराच्या हाती देतोय. सोबत दोरा आहे. गयासनं तोडला तो नाही, नवा आहे. ते संध्याकाळी कचेरीतून आले की त्यांच्या पायांवर पाणी तूच घालतेस ना? आज घालताना नीट बघ. बघून पटलं नाही तर दोरा लाव, आधी उजव्या घोट्याच्या वर, मग डाव्या. ते काय करतेस म्हणाले तर सांग, केशवनं मागितले तेव्हा तुम्ही पाय दिले नाहीत, मला तरी द्या. मला वाटतं ते देतील. मग ते फडकं सोड आणि तोच दोरा स्वतःच्या पायांना लाव. त्यानंतर अजिंठ्याला हो म्हणायचं असेल तर म्हण, मी अक्षता टाकायला येईन, खाली मान घालून जेवीन आणि भांडणार नाही. आणि पद्मजा, या एवढ्या लांबलचक पत्रात मी तुला मागणी घातलेली नाही, ते मुद्दाम. आज विचारलं तर तू मलाही हो म्हणशील, त्याच कारणानं, मला दुसरं कोण पदरात घेणार म्हणून. तसला होकार मला नको. तुळशीच्या लग्नाला तुमच्या अंगणात सगळी गल्ली जमते. मी बाहेर रस्त्यावर उभा राहीन, आत येणार नाही. तू फडकं सोडून, तुझ्या नेहमीच्या पायानं उंबरा ओलांडून बाहेर आलेली मला दिसलीस, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, व्यंकटराव निघायच्या आधी, मी तुमच्या ओट्यावर येईन आणि विचारीन. तेव्हा नाही म्हणालीस तरी चालेल.

तू बाद केलेला, आणि म्हणूनच तुझा,
केशव